टाकीकडचा गोल

२ ऑगस्ट

मैदानाची वही चिटणीस वाचतो. तिच्यात गवत किती कापलं, पाणी किती वेळ सोडलं, रेषा मारायला फक्कीच्या किती गोण्या लागल्या, एवढंच लिहायचं. माणसांबद्दल एक अक्षर लिहायचं नाही. म्हणून ही दुसरी वही. एकतीस वर्षं मूग गिळून गप्प बसलो, आता निवृत्तीला दीड वर्ष राहिलं. तोवर कुठंतरी मोकळं व्हायला नको?

क्लबाचा नवा मॅनेजर आज रुजू झाला. मी पाहिलेला दहावा. आधीच्या नऊ जणांतले चार आरडाओरडा करणारे, तीन झोपाळू, एक स्वतःच्या मिशीवर खूश, आणि एकाला ऑफसाइड म्हणजे काय ते शेवटपर्यंत समजलं नाही. हा दहावा पूर्वी शाळेत भूमिती शिकवायचा. खिशात अजून खडू असतो. खेळाडूंनी पहिल्याच दिवशी त्याचं नाव मास्तर ठेवलं, तर रागवायचं सोडून गडी खूश! वर माझ्याकडे येऊन म्हणतो, "काका, या मैदानाबद्दल मला काही सांगाल का?"

मी म्हटलं, "हिरवं आहे."

तरी हसला. अशा माणसाचं काही खरं नसतं.

५ ऑगस्ट

पाण्याच्या टाकीकडचे लाकडी गोलखांब कुजले होते. ते काढून आज नवे ॲल्युमिनियमचे बसवले. वेल्डर आठला येतो म्हणाला आणि अकराला उगवला, त्यात पहिली वीस मिनिटं चहा. स्टँडच्या बाजूच्या खांबाचा खड्डा खणताना दोन फुटांवर टाकीचा पाइप लागला. पाइप हलवायचा तर प्लंबर हवा, प्लंबरसाठी चिटणिसाचा अर्ज, अर्जावर अध्यक्षांची सही, म्हणजे पुढचं वर्ष उजाडणार. मी म्हटलं, "दोन्ही खांब हातभर स्टँडपासून लांब, समोरच्या भिंतीकडे घ्या आणि गाडा."

वेल्डर म्हणाला, "मग रेषा चुकतील ना?"

"तू तुझे जोड बघ. रेषा मारून माझे केस पिकलेत."

रेषा मी कडेला पुरलेल्या जुन्या खुंट्यांवरून दोरी ताणून मारतो. खुंटे माझ्या आधीच्या म्हाताऱ्याने पुरलेले, आणि त्यांना टेप लावून तपासायची आजवर कोणाची हिंमत झालेली नाही. संध्याकाळपर्यंत मारून टाकल्या. गोलसमोरची चौकट, पेनल्टीचा ठिपका, सगळं कसं लख्ख. अध्यक्ष मोटारीतून न उतरताच ओरडले, "वा, माळीबुवा!" या माणसाला गोल आणि गोणी यांतला फरक सांगता येईल असं मला वाटत नाही, पण क्लब त्याचा आहे.

१० ऑगस्ट

आमचे जावईबापू या क्लबाचे गोलकीपर आहेत. लेकीने परस्पर निवडले. मला विचारलं असतं तर निदान एखादा फॉरवर्ड तरी आणला असता.

या गृहस्थांना एक खोड आहे. सामना सुरू होण्याआधी या खांबापासून त्या खांबापर्यंत पावलं मोजायची आणि बरोबर मध्यावर टाच घासून गवतात चर पाडायचा. चेंडूकडे बघत पुढं-मागं करताना मध्य कुठं ते समजावं म्हणून. सगळ्याच गोलकीपरांना ही खोड असते. दोन वर्षं ही नासधूस मी डोळ्यांनी पाहिली. यंदा गोलसमोर नवी हिरवळ लावली आहे, तेव्हा जेवताना सांगून टाकलं, "जावईबापू, परके लोक माझं गवत उकरतात ते उकरतात, घरच्या माणसाने तरी टाच लावू नये."

"पण बाबा, मला मध्य कळायला हवा ना."

"समोर पेनल्टीचा ठिपका असतो तो कशाला? तो गोलच्या बरोबर मध्यासमोर असतो. त्याच्या सरळ रेषेत उभे राहा. तेवढंही जमत नाही?"

"बरं," म्हणाले. कशालाही बरं म्हणतात. मी उद्याच पाटी रंगवून लावणार आहे: गोलसमोर टाच घासू नये. सराव तर मी या मैदानावर केव्हाच बंद केलाय. सरावाला मागचं मैदान आहे, तिथं हवी तेवढी माती उडवा.

१६ ऑगस्ट

घरचा पहिला सामना. हरलो, ३–१.

मध्यंतरापर्यंत आपण एक गोलने पुढं. मध्यंतरानंतर आपला संघ टाकीकडचा गोल राखतो, ही इथली जुनी पद्धत. कॅप्टन नाणेफेक हरला तर समोरच्याला विनंती करून मागून घेतो, कारण आपले प्रेक्षक त्या टोकाला बसतात. तर प्रेक्षकांच्या डोळ्यांसमोर तीन गोल खाल्ले. तिन्ही भिंतीच्या बाजूच्या खांबाला लागून. जावईबापू झेप घेतात, हात लांब करतात, आणि चेंडू बोटांपुढून निघून जातो. मग मागं वळून खांबाकडे असं बघतात, जणू खांबानंच दगा दिला.

पाहुण्यांच्या गोलकीपरने पाटी वाचली, हसला, आणि पाटीसमोरच टाच घासली. रेफ्रीला सांगितलं तर तो म्हणतो, "सोडा हो आजोबा." आजोबा! याला जाळीतली भोकं मोजण्यापलीकडे काही येत नाही.

२३ ऑगस्ट

परक्या मैदानावर जिंकलो, २–०. जावईबापूंनी म्हणे चार चेंडू अडवले. लेक फोनवर एवढी आनंदात होती की मी म्हटलं, "समोरचा संघच पुचाट असेल." ती म्हणाली, "फोन आईला द्या."

३० ऑगस्ट

घरी पुन्हा हार. ०–२. दोन्ही मध्यंतरानंतर, दोन्ही टाकीकडे, दोन्ही भिंतीच्या बाजूला. सगळे गेल्यावर मास्तर त्या गोलमागं अर्धा तास उभा होता. मी पाणी सोडायला आलो तर म्हणतो, "काका, इथं वारा कसा असतो हो?"

हरल्यावर वारा आठवतो. आधीच्या नऊ जणांना पण आठवायचा. मी म्हटलं, "वारा फुकट आहे, घ्या हवा तेवढा."

१३ सप्टेंबर

गेल्या शनिवारी बाहेर बरोबरी केली, आज घरी परत मार. आज मास्तरने जावईबापूंना बसवलं आणि दुसऱ्या गोलकीपरला उतरवलं. त्याला सगळे जाड्या म्हणतात आणि त्यात कोणाची चूक नाही. जाड्याने चार खाल्ले. मध्यंतरानंतर, टाकीकडे, भिंतीच्या बाजूला.

दोन वेगळी माणसं, उंची वेगळी, वजन तर फारच वेगळं, आणि चूक मात्र एकच. याला म्हणायचं मास्तरांची शिकवण! वर्गात एकाने चुकीचं उत्तर लिहिलं की सगळ्यांच्या वहीत तेच.

प्रेक्षकांतून आज पहिल्यांदा ओरडा झाला, "मास्तर, शाळेत जा!" मास्तर त्यांच्याकडे वळून मान हलवतो, जणू पोरांनी चांगला प्रश्न विचारला. स्वाभिमान म्हणून काही चीज असते की नाही?

१४ सप्टेंबर

लेक आली. जावईबापू रात्रभर जागे होते म्हणे. आता ते स्वतःच्या हातांकडे बघत बसतात आणि विचारतात, माझे डोळे बिघडले का. डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आले. डोळे ठणठणीत.

"मास्तरांनी बसवलं तरी त्यांचा राग नाही त्याला," लेक म्हणाली. "म्हणतो, मास्तर एकटेच आहेत जे ओरडत नाहीत. म्हणतात, तुझं काही चुकत नाहीये, कारण दुसरंच आहे, मी शोधतोय."

मी म्हटलं, "शोधू दे. खडू घेऊन शोधू दे."

ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "पोरगी रडायला आलीय, तुम्ही कोट्या करा." बायकांना विनोद कळत नाही. पण मला रात्री जेवण गेलं नाही, हे इथं लिहून ठेवतो. दुसरं कोणी वाचणार नाही.

२२ सप्टेंबर

अध्यक्ष मैदानावर आले. टोकदार बूट घालून माझ्या गवतावरून चालत आले. एरवी मी कोणालाही हाकललं असतं. टाइल्सचा कारखाना चालवणाऱ्या माणसाला पाय ठेवताना खाली बघायची सवय नसते.

"माळीबुवा, तुम्ही नऊ मॅनेजर पाहिलेत."

"दहा."

"हा दहावा कसा वाटतो? खरं सांगा. कमिटीत दोन गट पडलेत. निम्मे म्हणतात बदला, निम्मे म्हणतात बाहेर जिंकतोय, थोडा वेळ द्या."

एकतीस वर्षांत या माणसाने मला गवताशिवाय दुसरं काही विचारलेलं नाही. छाती जरा फुगली, खोटं कशाला बोला. तरी सावधपणे म्हटलं, "बाहेरचं नशीब असतं. घरचं मैदान म्हणजे परीक्षा."

"बरोबर बोललात!" अध्यक्षांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "घरच्या मैदानावर जो हरतो तो मॅनेजर कसला! एक तारखेला कमिटी बसतेय. तुम्ही पण या."

स्वतःचं मत नसलेला माणूस. माझं उचललं आणि खिशात घालून गेला.

२७ सप्टेंबर

घरी ०–१. जावईबापूंना परत उतरवलं होतं. शेवटच्या पाच मिनिटांत खाल्ला. कुठं ते लिहायचा कंटाळा आला आहे.

२९ सप्टेंबर

आज जे झालं ते मला लिहायचं नाही, पण लिहिल्याशिवाय डोक्यातून जाणार नाही.

सकाळी सात वाजता मी मशीनमध्ये तेल घालत होतो. मास्तर फाटकातून आला, हातात एक मोठा कागद आणि टेप. कागदावर दोन्ही गोल काढलेले, आणि घरी खाल्लेल्या प्रत्येक गोलची एक फुली. फाटकाकडच्या गोलवर एकही नाही. टाकीकडच्या गोलवर भिंतीच्या बाजूला दहा फुल्यांचा नुसता गोळा.

"काका, टेपचं एक टोक धरता का?"

मी धरलं नाही. त्याने टोक खांबाला बांधलं आणि एकट्याने मोजलं. खांबापासून खांबापर्यंत, मग त्याचा मध्य, मग मध्यापासून सरळ पेनल्टीच्या ठिपक्याकडे. तो ठिपक्यापाशी पोचलाच नाही. ठिपका हातभर एका अंगाला राहिला आणि तो भिंतीच्या बाजूला उभा राहिला, खाली बघितलं, परत माझ्याकडे बघितलं.

मला पाइप आठवला. वेल्डर आठवला.

"ठिपका गोलच्या मध्यासमोर नाही," मास्तर म्हणाला. "स्टँडकडे सरकलाय, हातभर. गोलकीपर ठिपक्यावरून जागा धरतो, म्हणून भिंतीकडची बाजू उघडी पडते. पाहुणे टाच घासून मध्य काढतात, त्यांना फरक पडत नाही. आपले पण बाहेर घासतात. इथं मात्र..." तो पाटीकडे बघून थांबला.

मी म्हटलं, "खुंटे जुने आहेत. एकतीस वर्षं कोणी तक्रार केली नाही."

"खुंटे बरोबरच आहेत, काका. खांब हललेत."

मग त्याने टेप गुंडाळली आणि माझ्याजवळ येऊन बसला, ओल्या गवतावर, पँटची पर्वा न करता. म्हणाला, "पुढचा घरचा सामना अकरा तारखेला आहे. तोवर त्या टोकाची चौकट आणि ठिपका हातभर सरकवू. जुन्या रेषांवर हिरवा रंग मारला की झालं. आपल्या दोघांशिवाय कोणाला समजायचं कारण नाही."

"आणि परवा कमिटीत?"

"तुमची किती वर्षं राहिलीत?"

"सव्वा."

"आणि स्टँडखालच्या त्या दोन खोल्या नोकरीबरोबरच आहेत ना?"

त्याला माहीत होतं, मग विचारायचं कशाला? तो उठला, पँट झटकली, म्हणाला, "बघतो मी," आणि गेला.

मला हा डाव चांगला समजतो. आता हा माणूस जन्मभर माझ्या मानेवर पाय ठेवणार. आज गोड बोलेल, उद्या सगळ्या कमिटीसमोर कागद उलगडेल. मीच असतो तर तेच केलं असतं.

३० सप्टेंबर

ही विचारते, "काल मास्तर टेप लावून काय मोजत होते?" स्वयंपाकघराच्या खिडकीतून अख्खं मैदान दिसतं.

"गवताची वाढ."

"टेपने?"

"नवीन पद्धत आहे."

ही चहा ठेवून गेली. चहात साखर नव्हती, आणि मी मागितलीही नाही.

रात्रभर मनाशी घोकत होतो की आधी आपणच सांगून मोकळं व्हावं. सकाळी चिटणिसाच्या दारापर्यंत गेलो. आत तो पेन्सिलीने कान कोरत होता. अशा माणसासमोर मी चूक कबूल करायची? परत आलो.

१ ऑक्टोबर

कमिटी बसली. लांब टेबल, सात माणसं, आणि सातही जणांना फुटबॉलमधलं सगळं कळतं. एक औषधांच्या दुकानाचा मालक आहे, तो म्हणाला खेळाडूंना जीवनसत्त्वं कमी पडतात. मला भिंतीपाशी स्टुलावर बसवलं होतं.

अध्यक्ष म्हणाले, "मास्तर, घरी चार सामने, चारही हरलात. तुमचं काय म्हणणं?"

मास्तरने कागद आणला नव्हता. मी त्याचे हात बघत होतो. हात रिकामे होते.

"कारण सापडलंय," तो म्हणाला. "अकरा तारखेला घरी खेळू तेव्हा फरक दिसेल."

"काय कारण?"

"ते माझ्याकडे राहू द्या. एक सामना द्या, एवढंच म्हणणं आहे."

टेबलावर हशा पिकला. औषधवाला म्हणाला, "परीक्षेआधीच उत्तरपत्रिका लपवताय होय!" मास्तर पण हसला. मग त्याची नजर क्षणभर माझ्याकडे आली आणि लगेच खिडकीबाहेर गेली. मला वाटलं, आता बोलेल. मी स्टुलाची कड धरून बसलो होतो. तो बोललाच नाही. एवढा मोठा पत्ता हातात असून खेळता येत नाही, असा माणूस मॅनेजर होतो कसा?

तीन जण बदला म्हणाले, तीन जण राहू द्या म्हणाले. निर्णय अध्यक्षांवर आला, आणि ज्याला स्वतःचं मत नाही त्याने भिंतीकडे बघितलं. "माळीबुवा, तुम्ही सांगा. एकतीस वर्षं पाहताय."

बोलायची हीच वेळ होती, हे मला तेव्हाही कळत होतं. तोंड उघडलं तर सवयीचंच बाहेर आलं.

"माणूस चांगला आहे," मी म्हटलं, "पण बिनकामाचा."

मास्तरने मान हलवली, त्या ओरडणाऱ्या प्रेक्षकांकडे बघून हलवली होती तशीच. मग चार विरुद्ध तीन.

२ ऑक्टोबर

मास्तर कपाट रिकामं करून गेला. जाताना मशीनच्या खोलीत डोकावला. मला वाटलं, आता तरी चार शिव्या देईल, म्हणजे हिशेब मिटेल. तर म्हणतो, "काका, ठिपका विसरू नका. जावयांच्या डोळ्यांत काही दोष नाही, त्यांना सांगाल कधीतरी." आणि गेला. पायी फाटकापर्यंत, पिशवी खांद्यावर.

राग यायला हवा तेव्हा ज्याला येत नाही, अशा माणसाचं मी काय करायचं? मला त्याचा अजूनही तिटकारा वाटतो. किंवा दुसऱ्या कोणाचा तरी वाटतो आणि त्याच्यावर काढतोय.

४ ऑक्टोबर

बाहेर हरलो, ०–३. यंदाची बाहेरची पहिली हार. मॅनेजरच्या जागी तात्पुरता म्हणून अध्यक्षांच्या मेहुण्याला बसवलंय. त्याचं एकूण ज्ञान म्हणजे शिट्टी. अध्यक्ष म्हणाले, "परकं मैदान, तिथं काय चालणार!"

७ ऑक्टोबर

टाकीकडची चौकट आणि ठिपका सरकवला. टेप लावून, तीनदा मोजून. जुन्या रेषांवर हिरवा रंग. मेहुणा बाजूने शिट्टी वाजवत गेला, त्याला काही दिसलं नाही. अध्यक्षांनाही नाही. खिडकीतून मात्र ही बघत होती. मी घरात आलो तेव्हा म्हणाली, "झाली गवताची वाढ मोजून?" मी जेवलो आणि उठलो.

११ ऑक्टोबर

घरी जिंकलो. ३–०. जावईबापूंनी सहा अडवले, त्यातले चार भिंतीच्या बाजूचे. प्रेक्षक खुर्च्यांवर उभे. अध्यक्षांनी मेहुण्याला मिठी मारली आणि पत्रकारांना सांगितलं की योग्य वेळी कठोर निर्णय घ्यायला धमक लागते.

मी गवत नीट करायला टाकीकडे गेलो. पाहुण्याच्या टाचेचा चर बुजवला, मग तोच परत एकदा बुजवला. वय झालं.

१२ ऑक्टोबर

लेक आणि जावईबापू जेवायला आले. जावईबापूंना मी एवढं बोलताना कधी पाहिलं नव्हतं. दोन महिने ज्या माणसाने स्वतःचे डोळे तपासून घेतले, तो आज पाटावर ताठ बसून म्हणतो, "बाबा, मी उगाच स्वतःला दोष देत होतो. मास्तर गेले आणि सगळं सुटलं. म्हणजे घोडं कुठं पेंड खात होतं ते उघड आहे. कारण शोधतोय, कारण शोधतोय म्हणायचे. शेवटी कारण तेच."

"असं नको बोलूस," लेक म्हणाली, पण तीही हसत होती.

"का नको? माणूस चांगला, पण बिनकामाचा. बाबांनीच म्हटलं ना कमिटीत? अध्यक्ष सगळ्यांना सांगत फिरतायत."

हा मुलगा कोणाबद्दल वाईट बोलत नसे. मला ते बावळटपणाचं वाटायचं. आज त्याच्या तोंडून माझे शब्द आले, माझ्याच सुरात, ओठाचा कोपरा तसाच वाकडा करून. मी हातातला घास परत ताटात ठेवला.

"बाबा, तुम्ही पहिल्यापासून सांगत होतात," लेक म्हणाली. "तुमचंच बरोबर निघालं."

मी हिच्याकडे बघितलं. ही पाणी वाढत होती. माझं भांडं भरून वाहायला लागलं तरी ओतत राहिली. मला वाटतं, ती मी बोलायची वाट बघत होती. मी म्हटलं, "पाणी सांडतंय."

२१ ऑक्टोबर

नऊ दिवस वही उघडली नाही. दोनदा जावईबापूंच्या घराच्या जिन्यापर्यंत जाऊन आलो. एकदा लेकीने वरून बघितलं आणि विचारलं, "बाबा, वर का येत नाही?" म्हटलं, सहज आलो होतो फिरत. मैदान सोडून गेल्या एकतीस वर्षांत मी सहज कुठं गेलेलो नाही, हे तिला माहीत आहे.

सरळ लिहितो. मास्तरने तोंड उघडलं असतं तर त्याची नोकरी राहिली असती आणि माझी गेली असती. त्याने हिशेब केला आणि माझी ठेवली. याच्यात डाव नव्हता. तीन आठवडे शोधतोय, डाव सापडत नाही. भूमिती शिकवणाऱ्याला एवढंही गणित आलं नाही, असं लिहून वही मिटणार होतो. पण ते खरं नाही. त्याला आलं होतं. आणि मी ते बघत स्टुलावर बसून होतो, नालायक माणूस.

२८ ऑक्टोबर

फक्कीच्या गोण्यांची पावती द्यायला ऑफिसात गेलो. चिटणीस जागेवर नव्हता. फोन वाजला. वाजू दिला, थांबेना, म्हणून उचलला.

लांबच्या कुठल्यातरी लहान क्लबातून एक जण बोलत होता. मास्तरने त्यांच्याकडे अर्ज केला आहे. "माणूस बोलायला बरा वाटला. पण तुमच्याकडे घरचे सगळे सामने हरला, गोलकीपर बिघडवले, असं ऐकतोय. खरं का?"

खोलीत कोणी नव्हतं. महिनाभरात मला एवढी सोपी संधी कोणी दिली नव्हती.

"खोटं," मी म्हटलं. "त्यांचा काही दोष नव्हता. टाकीकडच्या गोलचे खांब हातभर सरकले होते आणि रेषा जुन्याच राहिल्या. गोलकीपर चुकीच्या जागी उभे राहायचे. मास्तरांनीच ते शोधून काढलं. खांब मी सरकवले होते. रेषा पण माझ्याच. त्यांना ठेवून घ्या, त्यांच्यासारखा माणूस मिळणार नाही तुम्हाला."

एकतीस वर्षांत एवढं लांब वाक्य मी कोणाच्या बाजूने बोललो नव्हतो.

मग तो म्हणाला, "तुम्ही कोण बोलताय?"

"मी इथला ग्राउंड्समन."

"हं." हसला, वाईट हसला नाही, आपण हसतो तसाच. "अहो काका, तुमचं मास्तरांशी चांगलं जमत असेल, ते मी समजू शकतो. पण फुटबॉलचा निर्णय गवतावरून होत नसतो. कोणी जबाबदार माणूस आहे का तिथं?"

"मीच जबाबदार आहे," मी म्हणालो. "तेच तर सांगतोय."

तेवढ्यात अध्यक्ष आत आले, कोण आहे असं खुणेनं विचारलं आणि फोन माझ्या हातातून घेतला. "हो, बोला... अच्छा, मास्तर! हे बघा, माझं वैयक्तिक काही नाही. पण आमच्याकडे एकतीस वर्षांचा अनुभव असलेला माणूस आहे, दहा मॅनेजर पाहिलेत त्याने, खेळाडू जवळून बघतो. त्याचं मत मी भर कमिटीत घेतलं. तो म्हणाला, माणूस चांगला, पण बिनकामाचा." माझ्याकडे बघून त्यांनी डोळा मारला. "नाही नाही, आत्ता फोनवर होता तो आमचा माळी. त्याचं मनावर घेऊ नका."

मी म्हटलं, "साहेब, तो माणूस मीच."

त्यांनी फोनवर हात ठेवला. "काय म्हणालात?"

"मत देणारा पण मीच, आणि माळी पण मीच. त्यांना सांगा."

"माळीबुवा, मी फोनवर आहे ना," अध्यक्ष म्हणाले आणि पाठ फिरवली. पुढचं बोलणं हवामानावर गेलं. फोन ठेवल्यावर म्हणाले, त्यांनी दुसरा कोणीतरी बघायचं ठरवलंय, आणि फाटकाकडचं गवत जरा वाढलंय, शनिवारच्या आत कापून घ्या.

मी जाऊन मशीन काढलं. अर्धं गवत कापून झाल्यावर जावईबापू सरावाहून येताना दिसले. मशीन बंद केलं आणि त्यांना हाक मारली, "जरा बसा इथं. तुमच्या डोळ्यांबद्दल बोलायचंय."